करड्या घोडीची चोरटी धार

१

करड्या घोडीच्या खुंटाजवळ गवतावर दुधाचे थेंब सांडले होते. शेजारच्या ओल्या मातीत बादलीच्या बुडाचा ठसा होता, अगदी ताजा.

बुरुलचा कमरेवर हात ठेवून त्या ठशाकडे बघत उभी राहिली. ही घोडी आजारी होती. तिच्या मांडीवरचे केस गोल गोल गळायला लागले, तेव्हाच बुरुलचाने तिला शिंगरासकट कळपातून काढून टेकडीखाली बांधलं होतं आणि कुरणावरच्या सगळ्यांना बजावलं होतं : हिच्याजवळ फिरकायचं नाही, हिची धार काढायची नाही, हिचा एक थेंबही सबात पडता कामा नये. सबा म्हणजे तिच्या युर्तमधला, लोकरी तंबूतला, घोड्याच्या कातड्याचा, धुराने काळा झालेला बुधला. त्यातला कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायला लोक दोन डोंगर ओलांडून यायचे.

आणि तरीही कोणीतरी धार काढली होती.

ती युर्तमध्ये परत आली आणि चहा ओतू लागली. समोर तिचा नवरा ओरोज बसला होता, शेजारच्या युर्तमधली काकिश सवयीप्रमाणे चहाच्या वेळेला हजर होती, आणि सून पेरिझात तळलेल्या बोर्सोकच्या ढिगातून एक गरम तुकडा उचलायला पुढे वाकली होती. तिची बाही वर सरकली. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, एक लालभडक वर्तुळ होतं.

"हे काय?" बुरुलचाने विचारलं.

"खाजतंय, एने. उष्णतेने असेल," ती सासूला म्हणाली.

"उष्णतेने एवढं गोल होतं होय? परकाराने काढल्यासारखं?"

काकिश पुढे सरकली, बघितलं आणि झटकन मागे सरकली. "नायटा! बुरुलचा, तुझ्या करड्या घोडीचा नायटा हिला लागलाय! अगं, तो सबा ओतून टाक आधी."

"मी त्या घोडीला हातसुद्धा लावलेला नाही," पेरिझात म्हणाली.

"मग घोडीने तुला हात लावला का?"

बुरुलचा उठली. सुनेचा उजवा हात धरून तिने तो हवेत अर्धवट वाकवला, धार काढताना असतो तसा. "घोडीच्या मांडीमागून कुठला हात जातो? हाच. मांडीला कुठला भाग घासतो? हाच. दुपारी ट्रक येईल. परत जाताना त्याच्याबरोबर खाली गावात जा. उन्हाळा संपेपर्यंत वर यायचं नाही."

पेरिझातच्या हातातला बोर्सोक हातातच राहिला. ती शहरातून लग्न होऊन आली होती. पहिल्या उन्हाळ्यात तिला लाथा बसल्या, दुसऱ्यात बादल्या सांडल्या, आणि या तिसऱ्या उन्हाळ्यात कळपातल्या घोड्या तिचा आवाज ऐकून आपणहून थांबायला लागल्या होत्या. भर हंगामात धार काढणारीला खाली पाठवलं, की गावात एकच अर्थ निघतो : हिने दुधात काहीतरी केलं. त्यानंतर तिला कोणी बादलीला शिवू देत नाही. नवरा तालान मेंढ्या घेऊन वरच्या खिंडीत गेलेला. तो परतेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं.

"बायबिचे," ओरोज म्हातारा घसा खाकरून बायकोला म्हणाला, "एवढी घाई कशाला? ट्रकवाला माणूस वेळेवर कधी येतो?"

त्याच क्षणी बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

२

ट्रकमधून पीठ उतरलं, मीठ उतरलं, आणि शेवटी डॉक्टर उल्कान उतरली. तालुक्याच्या दवाखान्यातली ही बाई उन्हाळ्यात एकदा कुरणांची फेरी करायची आणि त्याच ट्रकने परतायची. तिला डगलं काढायलाही उसंत मिळाली नाही. काकिशने दारातच तिला सगळं सांगितलं, आणि निकालही सांगून टाकला.

"छान," उल्कान म्हणाली. "मग मी चहा पिऊन जाते. माझं काम तुम्ही केलंतच."

"तसं नव्हे हो डॉक्टरबाई!"

"मग आधी हात बघू दे."

युर्तच्या सावलीत पेरिझातला बसवून तिने भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिली. मग बोटाच्या टोकाने कडेवरून हळूच खरवडलं आणि स्वतःचं बोट उजेडात धरून पाहिलं. बोटावर काहीच आलं नव्हतं.

"कधीपासून?"

"आम्ही वर आलो त्याच आठवड्यात सुरू झालं."

"तेव्हा केवढं होतं?"

"एवढंच. पहिल्या दिवसापासून एवढंच आहे. फक्त लाल जास्त झालंय."

"कानात काही घालत नाहीस?" उल्कानने तिच्या कानांच्या रिकाम्या भोकांकडे बघत विचारलं.

काकिश लगेच मध्ये पडली. "तेच तर! लग्नात सासूने कानातले दिले, चार दिवस घातले आणि काढून ठेवले. शहरातल्या पोरी. यांना आपले दागिने गावठी वाटतात."

"काकिश एजे, माझे कान पिकतात म्हणून काढले," पेरिझात म्हणाली. "तुम्हाला हवेत का ते? आणून देते."

उल्कान हसली. भिंग पुसून तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुरणावर आणखी कोणाच्या अंगावर गोल चट्टा आहे?"

सगळे आपापले हात उलटेसुलटे करून बघू लागले. काकिश मात्र दोन्ही हात बाह्यांत खुपसून उभी होती. ऊन चांगलंच तापलं होतं.

"काकिशबाई, थंडी वाजते का?"

"नाही. सवय आहे."

"दाखवा."

काकिशने आजूबाजूला पाहिलं आणि कुरकुरत हात बाहेर काढले. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर दोन कडी होती. कातडीच्याच रंगाची, किंचित उंच, गुळगुळीत.

"अगं बाई!" बुरुलचा म्हणाली. "आणि माझा सबा ओतायला निघाली होतीस!"

"तीन वर्षं झाली याला! खाजत नाही, दुखत नाही, वाढत नाही. लोक काहीबाही बोलतील म्हणून झाकते. मी कशाला तुझ्या घोडीच्या वाटेला जाऊ?" काकिशचे डोळे भरून आले होते.

उल्कानने सांध्यांवरून अंगठा फिरवला. "हा नायटा नाही. नायट्याच्या कडेला कोंडा असतो, खवल्यासारखा. इथे कातडी अगदी गुळगुळीत आहे. याचं पुस्तकातलं नाव लांबलचक आहे आणि त्रास काहीच नाही. कोणाला लागत नाही, बहुतेक वेळा आपोआप जातं. खुशाल हात बाहेर ठेवा."

"कोणाला लागत नाही?"

"तुम्ही जन्मभर माझा हात धरून बसलात तरी नाही."

काकिशने मोठा सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदाच दोन्ही हातांनी चहाची वाटी धरली. पण मग लगेच तिला मूळ मुद्दा आठवला. "माझं सोडा. हिचं काय?"

उल्कान बुरुलचाकडे वळली. "घोडीला चट्टे आहेत म्हणालात. कुठे?"

"मांडीवर."

"कुठल्या मांडीवर?"

बुरुलचा टेकडीच्या दिशेने बघत आठवू लागली. चट्टे दिसल्याबरोबर तिने दोर लांब धरून घोडी हाकलली होती. ते कुठल्या बाजूला होते हे तिला आठवेना.

३

टेकडी उतरून उल्कान एकटीच गेली. सवयीप्रमाणे डावीकडून. या देशात घोड्याजवळ जाणारा माणूस डावीकडूनच जातो; चढायचं तरी डावीकडून, खोगीर घालायचं तरी डावीकडून आणि धार काढायची तरीही डावीकडूनच. घोड्यांनाही ते इतकं ठाऊक असतं की उजवीकडून कोणी आलं की कान मागे पडतात आणि मागचा पाय सावध होतो.

डावी बाजू स्वच्छ होती. मान, बरगड्या, मांडी, पाय, सगळीकडे चकचकीत करडे केस.

मग ती लांबून वळसा घालून पलीकडे गेली. उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला तीन चट्टे होते, वाटीएवढे, केस गळालेले, कडेला राखाडी कोंडा. चौथा कुशीवर. आणि एक गोष्ट अशी की जी तिला अपेक्षित नव्हती : घोडीने कान मागे टाकले नाहीत. उजवीकडून अनोळखी बाई आलेली बघूनही ती रवंथ करणाऱ्या गायीसारखी शांत उभी राहिली.

उल्कान परत वर आली तेव्हा सगळे युर्तबाहेर जमले होते. पेरिझातची पिशवी ट्रकमध्ये चढवलेली होती. ती स्वतः मात्र घोड्यांच्या बाजूला तोंड करून उभी होती. शिंगरं लांब दोराला ओळीने बांधलेली होती, आणि दुसऱ्या धारेची वेळ टळून गेल्यामुळे त्यांच्या आया खिंकाळत होत्या.

"बुरुलचाबाई, तुमची सून धार कुठल्या बाजूने काढते?"

"डावीकडून. मीच शिकवलंय. एक गुडघा जमिनीवर, दुसऱ्यावर बादली. उजवा हात मांडीमागून, डावा पुढून."

"म्हणजे तिचा उजवा हात घोडीच्या कुठल्या मांडीला घासतो?"

"डाव्या."

"चट्टे उजव्या मांडीवर आहेत. डावी बाजू तुमच्या जेवणाच्या दस्तरखानाइतकी स्वच्छ आहे."

बुरुलचा हरणाऱ्यातली नव्हती. "मग उजवीकडून काढली असेल. चोरी करणारा सरळ थोडाच जातो?"

"उजवीकडून बसलं की मांडीमागून डावा हात जातो. वर्तुळ उजव्या हातावर आहे."

"मग ते वर्तुळ आलं कुठून? आकाशातून पडलं?"

"ते आता बघू," उल्कान म्हणाली. "पेरिझात, धार काढताना हेच डगलं घालतेस ना? काढ आणि बाही उलटी कर."

पेरिझातने डगल्याची उजवी बाही उलटी केली. आतल्या अस्तरावर जाड दोऱ्याने टाके घालून काहीतरी शिवलेलं होतं. ऊन त्यावर पडलं आणि ते लखकन चमकलं.

४

लगामाची कडी होती. वरचा मुलामा बऱ्याच ठिकाणी उडालेला होता.

उल्कानने सुनेचा हात आणि बाही शेजारी शेजारी धरली. कडी चट्ट्यावर टेकवली. ती इतकी चपखल बसली की बघणाऱ्यांपैकी कोणाला काही विचारायची गरज उरली नाही.

"घोडीच्या मांडीवर हात दाबला की ही कडी कातडीवर दाबली जाते," उल्कान म्हणाली. "दिवसातून पाच सहा वेळा, घामाने भिजलेल्या हातावर. यात निकेल आहे, आणि हिच्या कातडीला निकेल सोसत नाही. कानातल्यांनी कान पिकले तेही त्यामुळेच. म्हणून हे वर्तुळ पहिल्या दिवसापासून एवढंच आहे. नायटा असता तर तो छोट्या ठिपक्यापासून वाढत गेला असता, आणि कडेला कोंडा धरला असता. हे कोणाला लागत नाही. कडी काढा, मलम लावा, आठवडाभरात जाईल." ती थांबली. "शिवली कोणी ही?"

पेरिझात जमिनीकडे बघत होती, आणि ती रडत नसून हसू दाबत होती हे फक्त ओरोजच्या लक्षात आलं.

"माझ्या सासूच्या पहिल्या घोडीच्या लगामाची आहे," शेवटी बुरुलचा म्हणाली. "आमच्या घरात धार काढणारीच्या बाहीत शिवतात. दुधाला दृष्ट लागू नये म्हणून."

"दुधाला लागली नाही," काकिश म्हणाली. "सुनेला लागली."

"तू गप्प बस गं."

"तुमच्या बाहीत होती तेव्हा तुम्हाला नाही झालं काही?" उल्कानने विचारलं.

"तेव्हा मुलामा शाबूत होता. यंदा मीच वाळूने घासून चमकवली."

इतकं बोलून बुरुलचाने बाहीतले टाके दातांनी तोडले आणि कडी खिशात टाकली. सुनेकडे मात्र तिने पाहिलं नाही. "ठीक आहे. हे वर्तुळ घोडीचं नव्हे. पण मातीत बादलीचा ठसा आहे, गवतावर दूध आहे. ती घोडी कोणीतरी दोहतंय. ते कोण हे कळेपर्यंत पिशवी ट्रकमध्येच राहील."

"का, एने?"

"कारण या कुरणावर धार काढता येणाऱ्या बायका तीन. मी, तू आणि ही काकिश. मी काढली नाही. काकिशला वाकलं की उठता येत नाही."

"खरं आहे," काकिश म्हणाली.

ट्रकवाला माक्सात इतका वेळ खिसे चाचपत होता. आता तो पुढे आला. "बायांनो, तुमचं चालू द्या. पण माझी किल्ली कोणी पाहिली का? ट्रकमध्येच लावून ठेवली होती."

उल्कान त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उत्सुकता दिसली. "कधीपासून नाही?"

"जेवणाआधी होती. मग ओरोज बाबांनी आग्रह करून कुमीस पाजला. एक वाटी, दुसरी, तिसरी. मग बघतो तर नाही."

"पडली असेल गवतात," ओरोज म्हणाला. "एसेन, जा रे, शोध."

एसेन म्हणजे त्यांचा घोडेराख्या, पस्तिशीचा, दिवसभर खोगिरावर असणारा गडी. तो उठला आणि चार पावलं चालला. तो लंगडत होता.

५

"विजार वर कर," उल्कान म्हणाली.

"काही नाही डॉक्टरबाई, खोगिराने घासलंय."

"मग घासलेलं दाखव."

गुडघ्याच्या मागे लाल वर्तुळ होतं, पंज्याएवढं मोठं. मधोमध एक गडद ठिपका, भोवती फिकट कातडी, आणि बाहेर पुन्हा लाल कडं.

"हा बघा नायटा!" काकिश ओरडली.

"हाही नाही. खाजतं का, एसेन?"

"नाही. गरम लागतं. रात्री कणकण होती."

"वाढतंय?"

"रोज."

उल्कानचा आवाज बदलला. "ही गोचीड चावल्याची खूण आहे. आज दिवसभरात बघितलेलं हे एकच वर्तुळ असं आहे की ज्याची मला काळजी वाटते. औषध वेळेवर घेतलं तर पूर्ण बरं होतं, नाही घेतलं तर महिन्यांनी सांधे धरतात, तोंड वाकडं होतं. तू आज माझ्याबरोबर खाली येणार. दोन आठवडे गोळ्या, रक्त तपासणी, आणि माझ्यासमोर."

एसेनने मान डोलावली.

"आता एक सांग. गोचीड तुला चावली कुठे?"

"इथेच कुठेतरी."

"इथे?" उल्कानने भोवताली हात फिरवला. घोड्यांनी चरून चरून कुरण गालिच्यासारखं झालं होतं. गवत खुराच्या वर कुठेच नव्हतं. "गोचिडीला उंच, ओलं गवत लागतं, झुडपं लागतात. तशी जागा येताना मला ट्रकमधून एकच दिसली. खाली घळीत, ओढ्याकाठी, बर्चच्या झाडीत. तिथे घोडे चरायला नेत नाहीत ना?"

"कोण नेईल," बुरुलचा म्हणाली. "पाय मोडून घ्यायला? एसेनचीच घोडी वसंतात तिथे घसरून मेली. शिंगरू मागे राहिलं. ते आम्ही पलीकडच्या कुरणावर देऊन टाकलं."

"कोणी पोचवलं?"

"माझ्या म्हाताऱ्याने."

एसेन आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होता.

"तू घळीत कशाला जात होतास, एसेन?"

"घोडा शोधायला."

"कुठला घोडा?"

एसेनला पटकन एकाही घोड्याचं नाव सुचेना. त्याने कळपाकडे पाहिलं. सगळे हजर होते.

"करड्या घोडीची धार तू काढलीस?" बुरुलचाने विचारलं.

"एजे, मला धार काढता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी फक्त—" तो तिथेच थबकला.

धार काढायला दोन माणसं लागतात. एक शिंगराला आईच्या अंगाशी धरून ठेवतो, म्हणजे ती पान्हा सोडते. दुसरा धार काढतो. त्या 'फक्त'चा अर्थ तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. एसेनने शिंगरू धरलं होतं. दुसऱ्याचं नाव तो घेत नव्हता.

"चल, मुली," बुरुलचा पेरिझातला म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "एसेन तुझ्याशिवाय आणखी कोणासाठी गप्प बसेल?"

"बुरुलचाबाई," उल्कान म्हणाली, "ट्रकची किल्ली ज्याने घेतली त्याच्यासाठी."

६

उल्कान ओरोजवर धावून गेली नाही. त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि रिकामी वाटी पुढे केली. "बाबा, एक वाटी कुमीस द्याल?"

ओरोजने ओगराळ्याने कुमीस ढवळला, वाटी भरली आणि तिला दिली. डाव्या हाताने.

"पाहुण्याला डाव्या हाताने?" उल्कानने सहज विचारलं.

"राग मानू नका डॉक्टरबाई. तरुणपणी बोकडाच्या खेळात घोड्यावरून पडलो. उजवा खांदा तेव्हापासून मागे जात नाही."

"म्हणजे उजवा हात कशाच्या मागून घालता येत नाही."

"नाही ना."

"घोडीच्या मांडीमागूनसुद्धा."

कल्पाकच्या, त्या उंच लोकरी टोपीच्या, पांढऱ्या काठाखाली ओरोजचे कान हळूहळू लाल होत गेले.

"तुम्हाला धार काढायची तर डावा हातच मागून घालावा लागेल. म्हणजे घोडीच्या उजवीकडून बसावं लागेल. ती करडी घोडी उजवीकडून आलेल्या माणसाला बिचकत नाही. कोणीतरी तिला रोजची सवय लावलीय. आता सगळे सदऱ्यात बसलेत आणि तुम्ही एकटे रजईसारखा चापान घालून घामाघूम होताय. बाही वर करता की मी करू?"

ओरोजने बाही वर केली. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तीन वर्तुळं होती, एकमेकांत मिसळलेली, कडेला खवल्यांसारखा कोंडा. उल्कानने बोटाने खरवडलं. बोट पांढरं झालं.

"हा," ती म्हणाली, "नायटा."

पहिल्यांदा काकिश हसली. मग माक्सात. बुरुलचा मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती, सकाळी त्या ठशासमोर उभी होती तशीच.

"म्हाताऱ्या, सुनेची पिशवी ट्रकमध्ये चढली तेव्हा तू इथेच बसला होतास."

"सांगणारच होतो, बायबिचे."

"कधी? ती गावात पोचल्यावर?"

"ट्रक जाणारच नव्हता ना." ओरोजने कल्पाक काढला आणि उलटा केला. किल्ली मांडीवर पडली. "मी म्हटलं, एक दिवस थांबू दे. उद्यापर्यंत हिंमत येईल."

"आणि दूध कोणाला पाजत होतास? स्वतः पीत होतास?"

ओरोजने एसेनकडे पाहिलं. एसेनने घळीकडे पाहिलं.

"ते शिंगरू मी पलीकडच्या कुरणावर न्यायला निघालो होतो खरं," ओरोज म्हणाला. "वाटेत त्याने माझी बाही चोखायला सुरुवात केली. आता तूच सांग."

बुरुलचाने डोळे मिटले. पेरिझातने सासऱ्याला विचारलं, "अताके, ते एसेन बाइकेंचं शिंगरू अजून इथेच आहे?"

"घळीतल्या जुन्या मेंढवाड्यात. चांगलं धष्टपुष्ट झालंय." मग पडेल आवाजात तो पुढे म्हणाला, "गेल्या वर्षी मी असंच एक शिंगरू हाताने पाजून वाढवलं. ते पाहुण्यांसमोर युर्तमध्ये शिरलं, दस्तरखानावर उभं राहून त्याने सगळे बोर्सोक खाल्ले. तेव्हा हिने मला भाकरीची शपथ घ्यायला लावली होती, पुन्हा असलं करणार नाही म्हणून. बाकीच्या घोड्यांचं दूध सबात जातं, वाटीभर कमी झालं तरी हिला कळतं. फक्त करडीचं दूध कोणालाच नको होतं. पहाटे ही उठायच्या आत आम्ही दोघं जायचो."

"आजार घेऊन आलास, एसेनला गोचीड चावली, सुनेवर आळ आला," बुरुलचा म्हणाली. "आणि हे सगळं एका बोर्सोकचोरासाठी?"

"तो गेल्या वर्षीचा. हा वेगळा आहे. हा शांत आहे."

उल्कान पिशवीतून मलमाच्या नळ्या काढत होती. "बाबा, दिवसातून दोनदा, वर्तुळाच्या बाहेरपर्यंत लावायचं, बरं वाटलं तरी थांबायचं नाही. कपडे उकळून घ्या. त्या शिंगरालाही लागलंच असेल. जनावरांच्या डॉक्टरला मी पाठवते, करडीलाही तोच बघेल. आणि बुरुलचाबाई, नायटा शिवण्याने लागतो, पिण्याने नाही. तुमच्या सबाला काही झालेलं नाही."

माक्सात किल्ली घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि कोणीही न सांगता एसेन ट्रकमध्ये चढला. त्याने पेरिझातची पिशवी उचलून खाली दिली. ती तिने घेतली, पण युर्तकडे गेली नाही. जागची हलली नाही.

"आता काय?" बुरुलचा म्हणाली. "घोड्या केव्हाच्या ओरडताहेत. ऐकू येत नाही का?"

"येतंय, एने."

"मग बादली घे."

"पिशवी कोणी चढवली ते माक्सात बाइकेने पाहिलंय," पेरिझात म्हणाली. तिची नजर खाली नव्हती. "ते संध्याकाळी गावात पोचतील. दुकानासमोर थांबतील. लोक विचारतील, वर काय चाललंय. ते काय सांगतील?"

माक्सातने दोन्ही हात वर केले. "मी कशाला काय सांगू?"

"तू सांगणार," काकिश म्हणाली. "तुझ्या पोटात मीठसुद्धा राहत नाही."

ओरोज बायकोकडे बघत होता. उल्कानने ट्रकचं दार अर्धवट उघडं धरलं होतं. बुरुलचाच्या तोंडून कोणी कधी माफीचा शब्द ऐकला नव्हता, आणि तिच्या चेहऱ्यावरून तो आजही येईलसं दिसत नव्हतं. ती सुनेच्या शेजारून सरळ पुढे गेली, ट्रकच्या पायरीवर चढली आणि खिडकीतून आत डोकावली.

"माक्सात, नीट ऐक. दुकानासमोर थांबायचं. लोक जमेपर्यंत थांबायचं. मग सांगायचं, बुरुलचाने निरोप दिलाय : या उन्हाळ्यापासून माझ्या सबातला कुमीस माझ्या सुनेच्या हातचा आहे. घोड्या तिच्या, बादली तिची, दूध कोणाला द्यायचं तेही तीच ठरवणार. पाठ झालं?"

"झालं."

"आणखी एक सांगायचं. माझ्या म्हाताऱ्याला नायटा झालाय."

"बायबिचे!" ओरोज ओरडला. "अगं, ते कशाला सांगायचं?"

"पहिलं खरं वाटावं म्हणून," बुरुलचा म्हणाली, आणि पायरीवरून खाली उतरली.

ट्रक वळणाआड गेला तेव्हा पेरिझात बाह्या कोपरापर्यंत दुमडून तांबड्या घोडीच्या डावीकडे एका गुडघ्यावर बसली होती. पहिली बादली तिने सबाकडे पाठवली. दुसरी भरली, तिच्यावर फडकं टाकलं आणि ती सासऱ्याच्या हातात न देता स्वतः घेऊन घळीच्या वाटेला लागली. बुरुलचाने ते पाहिलं. मग युर्तच्या दारातून तिने हाक मारली, "अगं, विजार बुटांत खोच! खाली गोचिडी आहेत!"